बहिणीच्या पात्राविषयी

त्या बाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. द्यायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. उलट पत्र आल्यावर बरेच दिवस मी मनातल्या मनात मायना घोळवत होतो. ओळखदेख नसताना 'सप्रेम नमस्कार' म्हणणं आगाऊपणाचं दिसेल का, 'आदरणीय' म्हटलं तर थट्टा वाटेल का. या घोळात पत्र टेबलाच्या खणात गेलं, त्याच्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आल्या, जुन्या चष्म्याची एक काच आली, आणि ते तळाशी गेलं. माझं नेहमी असंच होतं. लोक मला अबोल म्हणतात, काही जण शिष्टही म्हणत असतील. खरी गोष्ट एवढीच की माझं वाक्य तयार होईपर्यंत समोरचा माणूस उठून गेलेला असतो. पत्र लिहिणारा माणूस उठून जात नाही, तो आहे तिथेच वाट बघत असतो, हे लक्षात यायला मला फार वेळ लागला. आणि लक्षात आलं तेही सरळ आलं नाही. माझ्या मुलीने एका संध्याकाळी वाचता वाचता काही ओळी गाळल्या, त्यामुळे आलं.

वाचता वाचता म्हणजे मला वाचून दाखवता दाखवता. माझ्या डोळ्यांना मधोमध एक डाग पडला आहे. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं होतं. त्यामुळे मुलगी कचेरीतून आली, चहा झाला, की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तास-दीड तास मला वाचून दाखवते. दाखवत असे, म्हणायला हवं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, हाताखालचे लोक तिला मॅडम म्हणतात, केस निम्मे पांढरे झाले आहेत. घरात मात्र ती अजून ठकूच आहे. तिचं वाचणं एका खास तऱ्हेचं आहे. ती विरामचिन्हंही वाचते. 'त्याने दार उघडले स्वल्पविराम आत कोणीच नव्हते पूर्णविराम.' आवाजात चढउतार नाही, भीती नाही, काही नाही. बाहेरचा कोणी ऐकेल तर त्याला हसू येईल, पण आम्हा दोघांना त्यात काही वेगळं वाटत नाही, कारण ती हे माझ्यापाशीच शिकली. मी जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. तपासायची रीत अशी, की एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, टिंब न् टिंब उच्चारायचं, आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवत जायचं. छापखान्यातला वाचणारा माणूस वरचेवर आजारी पडे. मग मी कागद घरी आणायचो आणि ठकूला वाचायला बसवायचो. फ्रॉक घालायच्या वयात तिने माझ्यासमोर बसून किती गळे चिरले असतील, किती शवपेट्या उघडल्या असतील, देव जाणे. तिची आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, पोरीला काय वाचायला लावताय ते!" आणि मी म्हणायचो, "ती कुठे वाचतेय? ती नुसती उच्चारतेय." मला तेव्हा खरंच तसं वाटे. मजकुराचा अर्थ मनात शिरू द्यायचा नाही, शिरला की चूक निसटते, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण.

तो छापखाना प्रामुख्याने अशीच पुस्तकं छापायचा. रक्त पिणारे उमराव, आरशात न दिसणारे पाहुणे, हळूहळू वेड लागत जाणाऱ्या बायका, नवऱ्यानेच बायकोला तू भ्रमिष्ट आहेस असं पटवून देणं, एकाच माणसाच्या आत राहणारी दोन माणसं. चारचौघांत कोणी विचारलं की मी म्हणायचो, पोटासाठी करतो. पण निवृत्त झाल्यावरही मी तेच वाचत राहिलो, आणि ते मात्र लाजत लाजत. वाचनालयात चरित्रांच्या कपाटापाशी थोडा वेळ उभा राहायचो आणि मग मागच्या खोलीत सटकायचो. या वाचनालयाची एक पद्धत आहे. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक लांबट कागद डकवलेला असतो. वाचून झालं की त्याच्यावर आपलं मत लिहायचं, खाली नाव घालायचं नाही, नुसता सभासद क्रमांक घालायचा. कागद भरला की ग्रंथपाल त्यावरच दुसरा चिकटवतात. चरित्रांचे कागद वर्षानुवर्षं कोरे असतात, फार तर कुठे 'उद्बोधक' असं असतं. मागच्या खोलीतल्या पुस्तकांचे पुठ्ठे मात्र कागदांवर कागद चढून फुगलेले. 'भीती वाटली नाही, झोप छान लागली.' 'व्हॅम्पायर आमच्या सासरच्यांपेक्षा बरा, निदान दिवसा झोपतो.' 'खुनी डॉक्टरच आहे हे पहिल्याच प्रकरणात ओळखले – ४०७.' त्याखाली संतापलेलं अक्षर: '४०७ यांनी कृपया शेवट सांगू नये.' त्याखाली पुन्हा शांतपणे: 'लेखकाला सुळ्यांची काहीही माहिती नाही. या दातांनी मानेला भोक पडणार नाही – ४०७.' ही मतं मला पुस्तकांइतकीच आवडायची. तोंड उघडून बोलायची ज्यांना चोरी असते ते लोक तिथे बोलत असतात असं वाटायचं. मीही लिहायचो. प्रत्यक्षात मी कोणाला उलट उत्तर दिलेलं नाही, पण त्या कागदावर माझी जीभ चुरूचुरू चाले. डोळे गेल्यावर मी मत सांगायचो आणि ठकू ते तिच्या गोल अक्षरात उतरवून घ्यायची, खाली माझा क्रमांक घालायची.

ज्या पुस्तकावरून त्या बाईंनी पत्र लिहिलं ती एका भावाबहिणीची कादंबरी होती. भाऊ रक्तावर जगणारा, जुन्या घराच्या तळघरात राहणारा; बहीण साधी, तुमच्याआमच्यासारखी, दिवसाउजेडी बाहेर जाणारी. ती पडदे ओढते, चादरी धुते, आलेल्यागेलेल्यांना भाऊ झोपला आहे म्हणून सांगते. मधून मधून कोणातरी अनोळखी माणसाला जेवायला बोलावते. भाऊ तिच्या केसालाही धक्का लावत नाही. दर संध्याकाळी तळघरातून वर येऊन तो तिचे आभार मानतो. ती म्हातारी होते, तो तसाच राहतो. संपलं. बाकीच्या वाचकांनी 'फारसे रक्त नाही', 'संथ' असं काहीबाही लिहिलं होतं. मी सांगितलेलं मत मला शब्दशः आठवतं, कारण मी त्याच्यावर खूश होतो. 'बहिणीचे पात्र दुबळे. घराला कुलूप नाही, पायात बेडी नाही. ती केव्हाही निघून जाऊ शकली असती. का जात नाही, हे लेखकाला सांगता आलेले नाही. हा कथानकातला दोष होय.' ठकूने हे लिहून घेतलं, पुन्हा एकदा वाचून दाखवलं, विरामचिन्हांसकट, आणि विचारलं, "'होय' ठेवू?" मी म्हटलं, "ठेव. ठाम वाटतं."

काही दिवसांनी ग्रंथपालांनी ठकूच्या हाती एक पाकीट दिलं. 'बहिणीचे पात्र दुबळे म्हणणाऱ्या सभासदांस' असं वर लिहिलेलं. पत्रही अर्थातच तिनेच वाचून दाखवलं. 'तुम्ही विचारता ती का जात नाही स्वल्पविराम मी हे पुस्तक दोनदा वाचले पूर्णविराम. तो तिच्यावर ओरडला असता तर ती गेली असती पूर्णविराम. तो आभार मानतो म्हणून जात नाही पूर्णविराम. तिचे रक्त तो पीत नाही याचा तिला अभिमान आहे स्वल्पविराम आणि तिला हे कळत नाही की ते केव्हाच संपले आहे पूर्णविराम. तुम्हाला खरेच वाटते का की ती जाऊ शकली असती प्रश्नचिन्ह. उत्तर जरूर द्या पूर्णविराम. पत्र घाईत संपवते स्वल्पविराम आई उठायच्या आत पेटीत टाकून यायचे आहे पूर्णविराम.' खाली पत्ता होता. एका बेकरीच्या वरचा मजला. मी पत्र लक्ष देऊन ऐकलं, आणि माझ्या मनात आलं ते हे, की शेवटचं वाक्य अनावश्यक आहे. मजकुराशी त्याचा संबंध नाही. माझ्यासमोर मुद्रित असतं तर समासात प्रश्नचिन्ह करून लेखकाला विचारलं असतं, हे ठेवायचं का? ठकू पत्राची घडी घालत होती. "काय उत्तर लिहू?" "बघू," मी म्हटलं. "थँक्यू, ठकू. दमलीस." हे मी रोजच म्हणतो. म्हणत असे.

तर त्या गाळलेल्या ओळी. पत्राला दोनेक वर्षं होऊन गेली होती, आणि त्या खेपेचं पुस्तक मानसिक छळाचं होतं. नवरा गोड बोलून बायकोला घरातच आजारी ठेवतो, त्यातलं. लेखक असा की काही म्हणून सोडायचा नाही, स्वयंपाकघरात ती उभी आहे तर फळीवरच्या बरण्यांची झाकणंसुद्धा सांगणार. त्या संध्याकाळी ती बाई स्वयंपाकघरात उभी होती आणि पुढच्याच वाक्यात रस्त्यावर होती. मी खुर्चीत ताठ झालो. गळलेला मजकूर मला कानाने कळतो. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं होतं. "ठकू, ती जिना कधी उतरली?" मी विचारलं. "उतरली असेल, बाबा. लेखकाने सांगितलेलं नाही." "या लेखकाने? जिना सोडला?" "थकला असेल तोही," ती म्हणाली आणि पुढे वाचायला लागली, त्याच सपाट आवाजात. पण माझं लक्ष उडालं. आजवर तिच्या वाचण्यात स्वल्पविराम सुटला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेल्यावर मी भिंग घेऊन खिडकीशी बसलो आणि ते पान शोधून काढलं. डागाच्या कडेकडेने एकेक अक्षर धरून वाचावं लागतं, मान दुखून येते. ओळी होत्या त्या या: 'ती दार उघडेच टाकून जिना उतरली. मागून हाक येईल असे तिला वाटत होते. हाक आली नाही. आणि तेव्हा तिला कळले, इतकी वर्षे तिला हाकेने बांधून ठेवले नव्हते, हाक येईल या वाटण्याने ठेवले होते.' मी भिंग खाली ठेवलं. पुस्तक म्हणून विचार केला तर वाक्य थोडं जडच होतं. पण माझ्या पोरीला ते उच्चारता आलं नव्हतं. जिने गळे चिरण्याची वर्णनं धोब्याकडच्या कपड्यांच्या हिशेबासारखी वाचली, तिची जीभ जिना उतरणाऱ्या बाईपाशी अडखळली होती. का, ते मला कळेना. किंवा कळलं आणि मी त्याच्याकडे बघितलं, त्यामुळे ते नाहीसं झालं.

माझी बहीण त्याच आठवड्यात आली. ठकू घरी नसेल अशी वेळ साधून आली, हे तिच्या चपला काढण्याच्या आवाजावरूनच समजलं. ती माझ्याहून लहान आहे, पण माझ्याशी लहानपणापासून मोठ्यासारखी बोलते. आल्या आल्या तिने बिस्किटांचा डबा शोधून काढला आणि माझ्यासमोर बसली.

"दादा, तुला घरातलं काही ठाऊक असतं का रे, का नुसता त्या मुडद्यांच्या गोष्टी ऐकत बसतोस?"

"मुडदे नसतात ते. मेलेले आणि जिवंत यांच्या मधले–"

"म्हणजे तुझ्यासारखे. ऐक आता. तुझ्या लेकीला नव्या प्रयोगशाळेची प्रमुख करतायत. दुसऱ्या शहरात. महिनाअखेर कळवायचंय आणि बाईसाहेब नाही म्हणून कळवणार आहेत."

"मला बोलली नाही."

"तुला कशाला बोलेल? तू म्हणणार, 'तुझं तू ठरव बाई,' आणि वर असा चेहरा करणार." तिने माझा चेहरा करून दाखवला. मला तो दिसला नाही, पण ओळखता आला. "माझ्याकडे येऊन राहा म्हटलं तर तुला तुझी खुर्ची हवी, तुझं वाचनालय हवं. राहा मग एकटा. डबेवाल्या बाईचा डबा येईल, मी दिवसाआड चक्कर मारीन. मरत नाहीस लगेच. तुझ्या पुस्तकातले तरी कुठे लवकर मरतात?"

ती गेली. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली, खाली एका गाडीने उगीचच भोंगा वाजवला. मला राग यायला हवा होता, बहिणीचा किंवा ठकूचा, पण आला नाही. आला तो एक विचित्र अवघडलेपणा, परक्याच्या घरात चुकून शिरल्यावर येतो तसा. या खोलीतली प्रत्येक वस्तू माझ्या हाताच्या अंतरावर होती. पाण्याचं भांडं, काठी, गोळ्यांचा डबा, शाल. हे सगळं रोज सकाळी कोणीतरी माझ्या हाताच्या मापाने मांडून ठेवत होतं. पडदाही ओढलेला होता, मला उजेड टोचतो म्हणून. त्या संध्याकाळी ठकूने वाचून पुस्तक मिटलं आणि थोडं थांबली. माझ्या लक्षात आलं, ती माझ्या त्या वाक्याची वाट बघते आहे. थँक्यू, ठकू, दमलीस. ते माझ्या ओठांवर येऊन थांबलं. मला त्या तळघराचा जिना दिसला आणि त्यावरून सभ्यपणे वर येणारा एक माणूस. "आज काही बोलला नाहीत," ती म्हणाली. "बरं वाटतंय ना?" तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तिच्या हाताला प्रयोगशाळेतल्या साबणाचा वास होता. माझ्या मनात आलं, ते केव्हाच संपले आहे. पत्रातले शब्द, ठकूच्या आवाजात. बेकरीच्या वर राहणाऱ्या त्या बाईंचा आवाज मी कधी ऐकलेलाच नव्हता.

वाचनालयात जाऊन मी ग्रंथपालांना विचारलं, कोणी वाचून दाखवायला येईल का. एवढं विचारायला मी चरित्रांच्या कपाटापाशी बराच वेळ उभा होतो. ग्रंथपाल म्हणाले, "ती पुस्तकं? काका, वाचणाराच घाबरून पळेल की." मग थोडा विचार करून म्हणाले, "४०७ ना विचारतो. निवृत्त दंतवैद्य आहेत. घरचे लोक त्यांचं ऐकत नाहीत, तेव्हा कोणी ऐकणारं भेटलं तर येतील उड्या मारत." मला त्यांचे सुळ्यांबद्दलचे अभिप्राय आठवले. परतताना मी वाक्य जुळवत होतो. 'तू जा' हे पुरेसं होतं, पण त्याच्याआधी काय घालावं आणि नंतर काय, हे जमत नव्हतं. 'माझी काळजी करू नकोस' म्हटलं तर काळजी करण्यासारखं काहीतरी आहे असा अर्थ निघतो. 'मला काही फरक पडत नाही' हे खोटं, शिवाय क्रूर. शेवटी सुट्टीच्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, ती ताटं उचलत असताना माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"तू परवा तीन ओळी गाळल्यास."

ताटं वाजायची थांबली. "तुम्ही तपासलंत?"

"सवय आहे."

"आणि आत्या येऊन गेली. बिस्किटांचा डबा जागेवर नव्हता तेव्हाच कळलं मला. काय म्हणाली?"

"माझा चेहरा करून दाखवला."

ती हसली. तिचं हसू मी पुष्कळ दिवसांनी ऐकलं. मग मी म्हटलं, "ठकू, तू जा." आणि म्हणताच मला कळलं की वाक्य चुकलं आहे. ते एखाद्या मोठ्या माणसाने उदार होऊन बोलावं तसं बाहेर पडलं होतं. आता यासाठीही तिने माझे उपकार मानावेत, असं.

"वा. परवानगी मिळाली," ती म्हणाली. ताटं तिने परत टेबलावर ठेवली आणि समोर बसली. "बाबा, मी तुम्हाला विचारलं होतं का? तुम्हाला आता असं वाटतंय ना, की तुम्ही मला धरून ठेवलंत? म्हणजे पुन्हा सगळं तुमच्यापाशीच आलं. मी आपली त्या कादंबरीतली दुबळी बहीण. 'हा दोष होय.'"

ती ते विसरली असेल असं मी का धरून चाललो होतो, कोण जाणे.

"तुम्हाला सांगू का? मला जिथे जिथे जायचं नव्हतं तिथे मी तुमचं नाव सांगितलं. आई गेल्यावर लग्नाचं निघालं तेव्हा सांगितलं. त्या मुलाला मी आवडले होते, मला तो आवडला नव्हता, पण तसं म्हणायचं धाडस नव्हतं. म्हटलं, बाबांचं कसं होणार. लगेच सगळे गप्प. डोळ्यांत पाणी बिणी. तुमचे डोळे तेव्हा चांगले होते, तुम्ही एकटे बाजारहाट करत होतात. कचेरीच्या सहली, बढतीची परीक्षा, सगळीकडे तुम्ही. फार उपयोगी पडलात तुम्ही मला."

"मग आता?"

"आता तिथे माझ्या हाताखाली माणसं असणार. सभेत उभं राहून बोलावं लागणार. मला चारचौघांत बोलता येत नाही, तुमच्यावर गेलेय. तिथे चुकले तर कोणाचं नाव सांगू?"

"माझंच सांग," मी म्हटलं. "सांग, वडिलांनी बोलायला शिकवलं नाही, नुसतं उच्चारायला शिकवलं."

माझ्या डागाच्या कडेला तिचा एक कान आणि खांदा दिसत होता, तो थोडा हलत होता. हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. भावाबहिणीच्या त्या कादंबरीमागच्या कागदांवरची सगळी मतं मला आठवत होती. इतक्या वाचकांनी इतकी वर्षं रक्ताबद्दल लिहिलं, मी बहिणीबद्दल लिहिलं तेही तिला नापास करायला. पण तिला त्या घरात काय मिळत होतं, ती कशावर जगत होती, हे कोणी विचारलंच नव्हतं. थोड्या वेळाने ठकू उठली, आतून पुस्तक घेऊन आली आणि तिने ते पान काढलं. "ती दार उघडेच टाकून जिना उतरली पूर्णविराम," तिने सुरुवात केली. तिन्ही ओळी पुऱ्या केल्या. स्वल्पविरामही सोडला नाही. मग पुस्तक उलटं करून मागचा कागद उघडला. "मत काय लिहू?"

"तूच लिही. तुझा क्रमांक घाल."

"मला कुठला क्रमांक? सगळी पुस्तकं तुमच्याच नावावर येतात ना." हे ती सहज बोलली, भांडणाच्या सुरात नव्हे. पण मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त ते लागलं. त्या मागच्या खोलीतलं एकेक पुस्तक तिने लहानपणापासून उच्चारलं होतं, आणि त्या शहरभरच्या बोलक्या कागदांवर तिची म्हणून एक ओळ नव्हती.

तिने होकार कळवला. मग सामान, पेट्या, फोन. डबेवाल्या बाईला तिने माझ्यासमोर इतक्या सूचना दिल्या की ती म्हणाली, "मॅडम, मी जेवण देते, परीक्षा देत नाही." निघायच्या दिवशी सकाळी ठकू दोनदा परत वर आली, एकदा छत्रीसाठी, एकदा कशासाठीच नाही. मी खुर्चीतून उठून दारापर्यंत गेलो. तिने विचारलं, "हाक नाही ना मारणार?" मी म्हटलं, "आवाज कुठे आहे मला?" ती जिना उतरत गेली. मी दार ओढून घेतलं, कारण उघडं ठेवलं तर ती खालून बघेल असं वाटलं. मग आत येऊन खुर्चीत बसलो. आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटण्याआधी भूक लागली. मला स्वतःची शरम वाटली. डबा उघडून जेवलो.

दंतवैद्य येतात. त्यांच्या वाचण्यात विरामचिन्हं नसतात; पात्रं जिथे कुजबुजतात तिथे ते ओरडतात, आणि प्रकरण अर्ध्यावर आलं की म्हणतात, "मी सांगतो कोणी मारलं." ठकूचा फोन येतो. पहिल्या सभेत तिची वाक्यं अडली, दुसऱ्या सभेत कमी अडली. तिथल्या वाचनालयाची ती सभासद झाली आहे. तिथे मत लिहायची पद्धत नाही म्हणून तिने ग्रंथपालाशी वाद घातला, असं ती म्हणाली. तिने, वाद. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

काल मी खण उपसला. हाताने लिहिलेलं पत्र मला भिंगानेही वाचता येणार नव्हतं, पण वाचायची गरजही नव्हती. ते मला पाठ आहे, स्वल्पविरामासकट. आणि या खेपेला मी थांबलो तो त्या शेवटच्या वाक्यापाशी, जे मी अनावश्यक ठरवलं होतं. 'आई उठायच्या आत.' त्या बाईंना कादंबरीतल्या बहिणीबद्दल काही विचारायचंच नव्हतं. मी जाडं शाईचं पेन घेतलं, कोऱ्या कागदावर बोट ठेवून बोटाच्या खालून ओळ नेली, आणि मायना न घालताच लिहायला लागलो. लिहिलं, की तुमचं पत्र मिळालं त्याला तीनेक वर्षं झाली. ती जाऊ शकली असती का, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आताही नाही. माझ्या घरातून त्या बहिणीसारखी एक मुलगी गेली, एवढं ठाऊक आहे. ती म्हणते, तो भाऊ तिच्याही उपयोगाचा होता. हे तुम्हाला पटेल की नाही, सांगता येत नाही. तो आभार का मानतो त्याबद्दल मात्र मी अधिकाराने लिहू शकतो. त्याला जा म्हणायची भीती वाटते, आणि ती भीती बाहेरून सभ्यपणासारखी दिसते. एवढं लिहून मी थांबलो. मग लिहिलं, 'तुम्ही गेलात का?' एवढंच वाक्य खरं तर पुरलं असतं.

अक्षरं एकमेकांवर चढली असतील, ओळी खाली घसरल्या असतील. तपासायला कोणी नव्हतं, आणि दंतवैद्यांना मी दाखवणार नव्हतो. पाकिटावर बेकरीचा पत्ता घातला. आज सकाळी काठी घेऊन भिंतीच्या कडेकडेने कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत आलो. तीन वर्षांत त्या बाई तिथून गेल्या असतील तर पोस्टमन पाकिटावर शेरा मारेल, राहत नाहीत, आणि पत्र मला परत येईल. म्हणून मागच्या बाजूला माझा पत्ता मी जास्तीत जास्त मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. आयुष्यात पाठवलेल्या एवढ्याच एका पत्राबद्दल मला वाटलं, की हे परत यावं. पेटीचं तोंड बोटांनी चाचपडलं आणि पाकीट आत टाकलं.